जमशेटजी टाटा आणि कापसाचा धागा

जमशेटजी नसरवानजी टाटा हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना, बंगलोरची विज्ञानसंस्था, सह्याद्रीच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज आणि मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल ही भव्य कार्ये उभी राहतात. ही कीर्ती सर्वस्वी यथार्थ आहे. परंतु यांपैकी ताजमहाल हॉटेल वगळले, तर बाकीची तिन्ही कार्ये त्यांच्या मृत्यूनंतर फळास आली. प्रत्यक्ष हयातीत त्यांचे तारुण्य आणि प्रौढपण ज्या एका वस्तूच्या मागे गेले, ती वस्तू म्हणजे साधा कापूस. म्हणून या अंकात आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांना पोलादाची कथा न सांगता कापसाची कथा सांगणार आहोत. ज्या देशात कापूस उदंड पिकतो, त्या देशाच्या कापसाला जगाच्या बाजारात हलके का लेखले जावे, हा प्रश्न या थोर पुरुषास जन्मभर पडला होता. त्याचे उत्तर त्यांनी भाषणांनी दिले नाही, कृतीने दिले.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. नवसारी त्या वेळी बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या मुलखात होती. घराणे पारशी दस्तुरांचे. धर्मकृत्ये करावीत व दक्षिणेवर निर्वाह करावा ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जमशेटजींचे वडील नसरवानजी यांनी ती मोडली आणि मुंबईस येऊन व्यापारात पाऊल टाकले. तेराव्या वर्षी जमशेटजीही मुंबईस आले. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण १८५८ साली संपवून ते वडिलांच्या पेढीत रुजू झाले, आणि पुढल्याच वर्षी त्यांना चीनकडील व्यापार पाहण्यासाठी हाँगकाँगला पाठविण्यात आले. त्या काळी मुंबईचा चीनशी चालणारा व्यापार मुख्यतः कापसाचा व अफूचा होता, आणि टाटांची पेढीही त्यास अपवाद नव्हती. अशा रीतीने विशीतच या तरुणाची कापसाशी गाठ पडली.

कथेत पुढे जाण्यापूर्वी कापसाची प्रत म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. कारण सारे रहस्य तेथेच आहे. बोंडातील रुईचा एकेक तंतू वेगळा करून मोजला, तर त्याची लांबी जातीजातीप्रमाणे भिन्न आढळते. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील बहुतेक देशी कापसाचा तंतू पाऊण इंचाच्या आसपास असे. अमेरिकेतील कापसाचा तंतू साधारण एक इंच, तर नाईल नदीकाठच्या मिसरी कापसाचा त्याहूनही लांब व रेशमासारखा तलम असे. सूत कातताना हे तंतू एकमेकांवर चढवून त्यांना पीळ देतात. तंतू लांब असला म्हणजे तो शेजारच्या तंतूंना दूरवर धरून ठेवतो, आणि सूत बारीक असूनही मजबूत होते. तंतू आखूड असला तर पीळ अधिक द्यावा लागतो आणि सूतही जाड ठेवावे लागते. बारीक काढू गेले की ते तुटते.

सुताचा बारीकपणा नंबराने मोजतात. ८४० यार्डांची एक लड धरली, तर एका पौंड वजनाच्या सुतात अशा जितक्या लडी भरतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे २० नंबरच्या एका पौंड सुताची लांबी १६,८०० यार्ड होते, तर ६० नंबरच्या सुताची ५०,४०० यार्ड. वजन तेच, पण लांबी तिप्पट! तलम धोतर, मलमल, उत्तम साडी ही सारी बारीक सुताची लेणी. खादीसारखे भरड कापड, सतरंज्या आणि तंबूचे कापड ही जाड सुताची. आता विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल की, ज्याच्या शेतात आखूड तंतू पिकतो त्याच्या देशाच्या गिरण्या भरड सुतालाच बांधल्या जातात. तलम मालातील नफा दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात पडतो.

परंतु तंतूची लांबी ही निसर्गाची देणगी म्हणून सोडून दिली, तरी आपल्या कापसाचा दुसरा दोष निसर्गाने दिलेला नव्हता. तो माणसाने केलेला होता. हा दोष म्हणजे भेसळ. चांगल्या रुईत हलकी रुई मिसळणे, सरकी, पालापाचोळा व माती तशीच राहू देणे, वजन वाढावे म्हणून गठ्ठ्यांवर पाणी शिंपडणे, हे प्रकार सर्रास चालत. याचे खापर केवळ शेतकऱ्यावर फोडणे अन्यायाचे होईल. त्याचे पीक पुष्कळदा वेचणीपूर्वीच सावकाराकडे गहाण पडलेले असे. त्याने बोंडे स्वच्छ वेचली काय किंवा कचऱ्यासकट वेचली काय, हातात पडणारा पैसा तोच. गावच्या सावकाराकडून अडत्याकडे, अडत्याकडून वखारवाल्याकडे आणि तेथून मुंबईच्या दलालाकडे माल जाई, आणि प्रत्येक टप्प्यावर दहा गावांचा माल एकत्र होई. कोणता गठ्ठा चांगला व कोणता वाईट हे इंग्लंडातील गिरणीवाल्यास फोडून पाहिल्याशिवाय कळणे अशक्य. मग तो काय करी? सगळ्याच गठ्ठ्यांना वाईट समजून भाव पाडी. भाव पडला की चांगला माल करणाऱ्याचा हुरूप जाई, आणि पुढल्या वर्षी माल आणखी हलका येई. खोट्या नाण्यांनी खरी नाणी बाजारातून हाकलावीत, तसाच हा प्रकार होता.

हे दूरचे उदाहरण नव्हे. आमच्या वाचकांपैकी ज्यांची घरे बैलहोंगल, सौंदत्ती, धारवाडकडील काळ्या रानात आहेत, त्यांच्या पूर्वजांनी हा अनुभव घेतलेला आहे. १८४० नंतरच्या काही वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतील जाणकार शेतकरी आणून हिंदुस्थानात ठिकठिकाणी तिकडच्या कापसाची लागवड करून पाहिली. बहुतेक जागी तो प्रयोग फसला. धारवाड जिल्ह्यात मात्र ते बी रुजले, आणि धारवाड-अमेरिकन या नावाने तो कापूस प्रसिद्धीस आला. येथील मूळच्या देशी कापसास व्यापारी कुमठा कापूस म्हणत, कारण बैलांच्या पाठीवर घाट उतरून तो कारवारकडील कुमठा बंदरात येई व तेथून गलबतांनी मुंबईस जाई. पुढे या दोन जातींची रुई जिनात आणि वखारीत एकमेकींत मिसळू लागली, बीही मिसळले, आणि कमावलेले नाव पुष्कळसे हातचे गेले. या कापसाच्या वाहतुकीवर आमच्या कोकणपट्टीतील कित्येक कुटुंबे जगली आहेत. मालाची प्रत घसरली म्हणजे शेतकऱ्यापासून तांडेलापर्यंत सगळ्यांनाच त्याची झळ पोहोचते, हे म्हणूनच आम्हास वेगळे सांगावे लागत नाही.

आता मूळ कथेकडे वळू. १८६० च्या सुमारास इंग्लंडातील लँकाशायर परगण्याच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस अमेरिकेतून येत असे. तो स्वच्छ होता, सारखा होता आणि स्वस्तही होता. मात्र ही स्वस्ताई गुलाम निग्रोंच्या घामावर उभी होती, हे विसरता कामा नये. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, आणि लँकाशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा साऱ्या जगाची दृष्टी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात भाव चौपटीच्या आसपास गेले. मुंबईस पैशाचा पूर आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांना या चार-पाच वर्षांत नेहमीपेक्षा कोट्यवधी पौंड अधिक मिळाले. गाद्यांतील जुना कापूस काढून विकल्याच्या गोष्टी तेव्हाच्या आहेत. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघत. बॅक बे भरून काढणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग दसपटीपर्यंत चढला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे सम्राट. टाटांची पेढीही त्यांच्याबरोबर व्यवहारात होती.

मात्र याच काळात लँकाशायरमध्ये आपल्या कापसाची काय अप्रतिष्ठा झाली, ते पाहण्यासारखे आहे. तिकडे हिंदुस्थानी कापसास सरसकट सुरती कापूस म्हणत. सूत वारंवार तुटे, यंत्रे थांबत, रुईचा मोठा भाग कचरा म्हणून वाया जाई, आणि कामाच्या मोजमापावर मजुरी मिळविणाऱ्या गरीब कामगारांची कमाई अर्ध्यावर येई. देवा, कापूस पाठव, पण सुरती नको, अशी प्रार्थना तिकडच्या देवळात झाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. सुरती हा शब्दच हलक्या मालाचा पर्याय होऊन बसला. मुंबई सरकारने भेसळ करणाऱ्यांस शासन करण्यासाठी १८६३ साली खास कायदा केला. परंतु ज्या दिवसांत वाटेल त्या मालास वाटेल तो भाव मिळतो, त्या दिवसांत कायद्यास कोण विचारतो?

अशा ऐन भराच्या वेळी, १८६४ सालाच्या अखेरीस, पंचवीस वर्षांचे जमशेटजी लंडनला निघाले. तेथे एक हिंदी बँक काढावी असा बेत होता, आणि त्यांच्याजवळ कापसाच्या हुंड्या व रोखे होते. ते तेथे पोहोचून स्थिरावतात न स्थिरावतात तोच १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे दिसताच भाव कोसळले. मुंबईतील पेढ्या एकामागून एक बसल्या. जमशेटजींच्या पेटीतील हुंड्या रद्दी कागद झाल्या. परक्या देशात, परक्या सावकारांच्या दारी हा तरुण एकटा उभा होता. तोंड चुकविण्याऐवजी तो स्वतः सावकारांस भेटला आणि पेढीची खरी स्थिती त्याने त्यांच्यापुढे मांडली. त्याचा प्रामाणिकपणा पाहून सावकारांनी पेढीच्या देण्याघेण्याचा निकाल लावण्याचे काम त्याच्याकडेच सोपविले आणि त्यासाठी महिना वीस पौंड वेतनही ठरविले. इकडे मुंबईस नसरवानजींना देणी भागविण्यासाठी राहते घर विकावे लागले.

या संकटाने जमशेटजींना जो धडा दिला, तोच आमच्या मते त्यांच्या पुढील आयुष्याची गुरुकिल्ली आहे. दुसऱ्याच्या दुष्काळामुळे आपल्या मालास आलेला भाव हा आपल्या मालाचा भाव नव्हे. गरज सरताच गिऱ्हाईक पुन्हा चांगल्या मालाकडे जाते. झालेही तसेच. पुढील काही वर्षांत लँकाशायरने हळूहळू अमेरिकन कापूस पुन्हा जवळ केला, आणि आपला आखूड कापूस युरोपातील इतर देशांत व पुढे जपानात, भरड सुताच्या कामासाठी जाऊ लागला. पाच वर्षांत मुंबईने अपार संपत्ती पाहिली, पण त्या संपत्तीतला फारच थोडा अंश बी, जिन आणि सडका सुधारण्याकडे गेला. बाकीचा सट्ट्यात बुडाला.

नसरवानजी पितापुत्रांनी पुन्हा कंबर कसली. १८६८ साली ॲबिसीनियावर स्वारी करणाऱ्या सैन्यास सामग्री पुरविण्याच्या मक्त्यात नसरवानजींचा भाग होता, आणि त्यातून घराची स्थिती सावरली. त्याच वर्षी जमशेटजींनी २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. १८६९ साली चिंचपोकळी येथील एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली, आणि दोन वर्षांनी ती नफ्याने विकली. नंतर ते लँकाशायरला गेले, आणि तिकडच्या गिरण्यांचे काम त्यांनी बारकाईने पाहिले.

परत आल्यावर त्यांनी जो निर्णय घेतला, त्याने मुंबईचे व्यापारी चकित झाले. मुंबईत गिरण्यांवर गिरण्या निघत असता जमशेटजींनी आपल्या गिरणीसाठी नागपूर निवडले. १८६७ साली तेथे आगगाडी पोहोचली होती. वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. जमीन स्वस्त होती. कापड घेणारा मुलूख सभोवार पसरलेला होता. परंतु सर्वांत मोठे कारण म्हणजे वऱ्हाड-नागपूरचा कापूस दारात होता, आणि त्यातही हिंगणघाटचा कापूस देशी जातींत उत्तम म्हणून नावाजलेला होता. गिरणी कापसाजवळ असली म्हणजे मधले दहा हात टळतात, आणि ज्याच्या हातून माल येतो त्याची ओळख राहते. ज्याची ओळख आहे तो भेसळ करताना दोनदा विचार करतो. पुढे या गिरणीने कापूस पिकणाऱ्या भागांत स्वतःचे जिन आणि प्रेस काढले, त्याचे मर्मही हेच.

१८७४ साली पंधरा लाखांच्या भागभांडवलावर कंपनी स्थापन झाली. नागपुरातील दलदलीची जागा भरून काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा तेथील एका मारवाडी सावकाराने या चिखलात सोने पुरणाऱ्या माणसाला पैसे देण्याचे नाकारले, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्याच सावकाराने, त्या पारशाने माती पुरून सोने काढले, अशी कबुली दिली म्हणे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हे पद धारण केल्याच्या दिवशी, गिरणी सुरू झाली, आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. प्रारंभी तीस हजारांच्या आसपास चात्या व ४५० माग होते.

पहिली वर्षे मात्र कठीण गेली. पैसा वाचविण्यासाठी काही यंत्रे स्वस्तातली घेतली होती. त्यांवर निघालेला माल हलका ठरला, आणि कंपनीचे भाग दर्शनी किमतीच्या बरेच खाली आले. दुसरा कोणी असता तर त्याने मजुरी कापून तोटा भरून काढला असता. जमशेटजींनी स्वस्त यंत्रे काढून टाकली आणि चांगली आणली. आगगाडीच्या खात्यातून आलेले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता आणि इंग्रज यंत्रज्ञ जेम्स ब्रुक्सबी यांची त्यांना उत्तम साथ होती. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आखूड तंतूचे सूत पटापट तुटे. म्हणून हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसविली. १८८३ च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या रिंग चात्यांचा प्रयोग त्यांनी केला. लँकाशायर तेव्हा आपल्या जुन्या म्यूल चात्यांवर संतुष्ट होते. रिंग चाती अखंड फिरते व अधिक सूत देते. परंतु तिच्यावर धाग्यास ताण अधिक बसतो, त्यामुळे रुईची निवड व मिश्रण फार जपून करावे लागते. म्हणजे नवे यंत्र घेण्यासाठीसुद्धा कापसाची पारख आधी पाहिजे. ती पारख नागपूरला होती, म्हणून तेथे ही चाती टिकली, आणि पुढे साऱ्या देशात पसरली.

यंत्राइतकीच त्यांनी माणसाची काळजी वाहिली. त्या काळच्या सर्वच गिरण्यांत कामाचे तास फार असत, आणि एम्प्रेस मिल त्यास अपवाद होती असे म्हणता येणार नाही. तथापि कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी व १८९५ साली अपघाताची भरपाई या गोष्टी तेथे सुरू झाल्या. कायद्याने तशी सक्ती होण्याच्या कितीतरी आधी. तुटलेला धागा वेळीच जोडणारा हात समाधानी नसेल, तर उत्तम रुईचेही सूत वाईट निघते, हे त्यांस ठाऊक होते.

१८८६ साली जमशेटजींनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांस विकत घेतली आणि तिचे नाव स्वदेशी मिल असे ठेवले. वंगभंगाच्या चळवळीने हा शब्द घरोघर नेला तो १९०५ साली. येथे तो जवळजवळ वीस वर्षे आधी गिरणीच्या दारावर झळकला होता. लँकाशायरहून येणारे बारीक सुताचे कापड येथे विणावे, हा उद्देश होता. पण जुनी गिरणी, जीर्ण यंत्रे आणि बिघडलेली शिस्त यांमुळे ती बुडण्याच्या बेतास आली. बँकांनी हात आखडला. तेव्हा जमशेटजींनी कुटुंबासाठी अलग ठेवलेल्या पैशास हात घातला, एम्प्रेस मिलचे काही भाग विकले, नागपूरची निवडक माणसे कुर्ल्यास आणली आणि गिरणी वर काढली.

मात्र माल सुधारला तरी वाटेत दोन अडचणी उभ्या होत्या. पहिली जहाजभाड्याची. मुंबईचे भरड सूत व कापूस चीन-जपानकडे नेणाऱ्या तीन युरोपीय कंपन्यांनी आपसांत संगनमत करून भाडे चढे ठेवले होते. आता हे पाहा, की जहाजाचे भाडे टनावर असते, किमतीवर नसते. एक टन तलम सूत आणि एक टन भरड सूत यांचे भाडे एकच. तेव्हा भाडे चढले की त्याचा जास्तीत जास्त भार स्वस्त मालावर, म्हणजे आपल्या मालावर पडे. १८९३ साली जमशेटजी स्वतः जपानला गेले, आणि तेथील निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी करार करून त्यांनी आपली जहाजे सुरू केली. पी. अँड ओ. कंपनीने त्यांना बुडविण्यासाठी भाडे टनामागे दीड-दोन रुपयांपर्यंत खाली आणले. जे व्यापारी जमशेटजींना साथ देण्याचे वचन देऊन बसले होते, त्यांतील पुष्कळ त्या स्वस्ताईस भुलून परत फिरले. टाटांना आपली जहाजे बंद करावी लागली. परंतु जपानी कंपनी टिकून राहिली, आणि भाडे पूर्वीच्या मानाने उतरले.

दुसरी अडचण सरकारी कराची होती. १८९४ साली सरकारने परदेशी कापडावर शेकडा पाच जकात बसविली. पण लँकाशायरचा आरडाओरडा होताच २० नंबरच्या वरील हिंदी सुतावरही तेवढाच कर लादला. २० नंबर हीच सीमा का? कारण आपला आखूड कापूस बहुधा त्याच्या आतच राही; वर जाऊ पाहणारा गिरणीवाला हा लँकाशायरचा प्रतिस्पर्धी ठरे. म्हणजे ज्याने माल सुधारला त्यासच दंड! १८९६ साली हा कर बदलून हिंदी गिरण्यांच्या सर्व कापडावर शेकडा साडेतीन असा करण्यात आला. जमशेटजींनी आकडेवारी मांडून या कराचा खरा बोजा गिरण्यांच्या नफ्याच्या मानाने किती जड आहे, हे दाखवून दिले. सरकारने ऐकले नाही. हा कर रद्द व्हावयास १९२६ साल उजाडावे लागले.

त्याच १८९६ साली जमशेटजींनी मिसरी कापसाच्या लागवडीसंबंधी एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. आमच्या दृष्टीने त्यांच्या कापूसविषयक कार्याचा हा कळस होय. गिरणीतील यंत्र सुधारले, माणूस सुधारला, व्यवस्था सुधारली. पण तंतू आखूड तो आखूडच. आता दुरुस्ती शेतातच झाली पाहिजे, हे त्यांनी जाणले. मिसर देशासारखी उष्ण हवा आणि कालव्याचे पाणी आपल्याकडेही काही भागांत आहे; मग तो लांब तंतू येथे का पिकू नये, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी बी वाटले, सूचना दिल्या, ठिकठिकाणी लागवड करविली. पुष्कळ जागी यश आले नाही. आपले शेतकरी देशी कापसाप्रमाणेच ते बी पावसाच्या तोंडावर पेरीत. त्यास हवे तेव्हा पाणी मिळत नसे. पेरणीची वेळ आणि पाण्याची सोय साधली तर हे पीक येईल, ही त्यांची धारणा मात्र ढळली नाही.

यानंतरची कार्ये सर्वश्रुत आहेत, म्हणून ती आम्ही येथे केवळ सांगून पुढे जातो. पोलादाच्या कारखान्यासाठी त्यांनी खनिजांचा शोध चालविला. विज्ञानसंस्थेसाठी आपल्या संपत्तीचा मोठा भाग देऊ केला. लोणावळ्याकडील पाण्यापासून वीज काढण्याची योजना हाती घेतली. १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. लंडनजवळ ब्रुकवुड येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्या पाण्याच्या योजनेतून निघालेल्या विजेवर १९१५ पासून मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. म्हणजे तीही योजना अखेर कापसाच्याच कामी आली.

लांब तंतूचे त्यांचे स्वप्न त्यांच्या मागे कसे फळले, तेही पाहणे उचित होईल. सिंधमध्ये १९३२ साली सक्करचे धरण पुरे झाले, आणि कालव्याच्या पाण्यावर तेथे अमेरिकन जातीचा चांगला कापूस पिकू लागला. पाणी मिळाले तर लांब तंतू पिकेल, ही जमशेटजींची दृष्टी खरी ठरली. परंतु १९४७ साली फाळणी झाली. सिंध व पश्चिम पंजाबातील कापसाची उत्तम रान पाकिस्तानात गेली आणि गिरण्या बहुतेक सगळ्या भारतात राहिल्या. गिरणी इकडे, कापूस तिकडे! मग आपल्या संशोधकांनी कंबर बांधली. १९७० साली सुरतेच्या संशोधनकेंद्रातून संकरित चार ही जात निघाली. व्यापारी लागवडीसाठी निघालेली ती जगातील पहिली संकरित कपाशी होय. ज्या सुरतेचे नाव एके काळी हलक्या कापसास चिकटले होते, त्याच सुरतेने ते लांच्छन धुऊन काढावे, हा केवढा योग! आणि १९७२ साली आपल्या धारवाडहून वरलक्ष्मी ही लांब तंतूची संकरित जात बाहेर पडली. कुमठ्याच्या गलबतांतून ज्या मुलखाचा मिसळलेला कापूस गेला होता, त्याच मुलखाने हे दान देशास दिले.

तरीही काम संपलेले नाही. आज भारत जगातील सर्वांत मोठ्या कापूस पिकविणाऱ्या देशांपैकी एक आहे. पण अतिशय लांब तंतूचा कापूस आपल्या गिरण्या अजूनही मिसर व अमेरिकेतून आणवितात. गाठीत सापडणारा प्लॅस्टिकच्या पोत्याचा एखादा धागासुद्धा पुढे सुतात आणि कापडात डाग होऊन उतरतो, आणि गिऱ्हाईक त्यापायी भाव पाडते. दीडशे वर्षांपूर्वी सरकी आणि माती होती. आता प्लॅस्टिक आहे. रूप बदलले, दोष तोच. आणि स्वच्छ वेचणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात त्याच्या स्वच्छतेचा मोबदला पडत नाही, तोवर तो दोष केवळ उपदेशाने जाणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, जमशेटजींच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध आमच्या मते हा आहे. मालाची प्रत ही बाजाराच्या दिवशी उत्पन्न होत नाही. ती बियाण्यात सुरू होते, वेचणाऱ्याच्या बोटांतून, जिनातून, वखारीतून, चातीवरून आणि मागावरून जाते. वाटेत एकाने जरी हात राखला तरी सगळ्यांचे श्रम हलक्या भावात जातात. जमशेटजींनी या साखळीची प्रत्येक कडी हातात घेऊन पाहिली. तुमच्यापैकी कोणी उद्या शेती पाहतील, कोणी पेढीवर बसतील, कोणी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतील. आपापल्या हाती आलेली कडी प्रत्येकाने चोख राखावी. एवढे झाले तरी नवसारीच्या त्या पारशाचे ऋण थोडेबहुत फिटेल.